रिकाम्या होडीची नोंद

त्या हंगामात गोव्याच्या एका किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची आमची नोंदवही एक सांगत होती आणि किनारा दुसरंच. वहीतल्या हिशेबाने बांगड्याची दर होडीमागची सरासरी आदल्या वर्षाइतकीच होती, काही आठवडे तर थोडी वरच. किनाऱ्यावर मात्र चहाच्या गाड्यावर सकाळ-संध्याकाळ एकच विषय: यंदा दर्यात काही नाही. बैठकीत ही तफावत निघाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मच्छीमार कधी मासळी आहे असं म्हणतो का?" सगळे हसले. मीही हसले. गाबीत, म्हणजे मच्छीमार, घरातली, वडिलांची स्वतःची होडी असलेली मी हसले, याची नंतर बरीच लाज वाटली. कारण चूक वहीची होती, आणि वही मी आखली होती.

किनारा

गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा किनारा उत्तरेला तेरेखोल आणि दक्षिणेला शापोरा या दोन नद्यांच्या मुखांमध्ये पसरलेला आहे. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही त्यावरची गावं. बाहेरच्यांना हा पट्टा शॅकमुळे, म्हणजे वाळूवरच्या खानावळींमुळे माहीत. पण शॅकच्या आरामखुर्च्या संपतात तिथे अजून होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. फायबरच्या, मागे आउटबोर्ड इंजिन, दोघा-तिघांनी चालवायच्या. संध्याकाळी गिलनेट, म्हणजे ज्याच्या भोकांत मासा अडकतो ते जाळं, सोडायचं, पहाटे काढायचं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, हीही लागते, पण ओढायला पुरेशी माणसं जमली तर.

गोव्याचा सगळा किनारा पूर्वापार सुमारे १०५ किलोमीटरचा धरला जातो. २०१० च्या राष्ट्रीय सागरी मत्स्य गणनेत गोव्यात मच्छीमारांची ३९ गावं आणि मासळी उतरण्याच्या ३३ जागा नोंदल्या गेल्या. त्यातल्या मालिम, कुटबण आणि वास्कोचा खारीवाडा या जेट्यांवर ट्रॉलर आणि पर्ससीनवाले येतात. राज्याच्या वार्षिक उत्पादनाचा आकडा लाखभर टनांच्या आसपास फिरतो, आणि त्यातला मोठा वाटा या यांत्रिक बोटींचा. आमच्यासारख्या वाळूवरच्या जागांचा वाटा किरकोळ. म्हणून त्यांच्या नोंदीकडे कोणी फारसं बघत नाही.

बघायला हवं, असं मला वाटतं. १९८० च्या गोवा सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव झाला. रापणकारांनी सत्तरच्या दशकात केलेल्या आंदोलनाचं हे फळ. त्या पट्ट्यात कायदा पाळला जातो की नाही, तिथली मासळी वाढते की आटते, हे मालिमच्या जेटीवर उभं राहून कळत नाही. त्यासाठी त्याच पट्ट्यात जाळं टाकणाऱ्याला विचारावं लागतं.

मोजायची रीत

आपल्याकडे समुद्रातल्या मासळीचा अंदाज मुख्यतः किनाऱ्यावर उतरलेल्या मालावरून बांधतात. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, जिला सगळे सीएमएफआरआय म्हणतात, गेली अनेक दशकं हे काम नमुना पद्धतीने करते. ही रीत ऐकायला किचकट, पण हुशारीची आहे. सगळ्या बंदरांवर रोज माणूस बसवणं शक्य नाही, म्हणून 'एक बंदर, एक दिवस' हे एकक धरतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात आणि त्यात चिठ्ठी टाकल्यासारख्या लागोपाठच्या दोन-दोन दिवसांच्या जोड्या निवडतात. निवडलेल्या जोडीतल्या पहिल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६, दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ असं प्रत्यक्ष निरीक्षण होतं. मधल्या रात्रीचा माल चौकशी करून भरतात. होड्या १५ किंवा त्याहून कमी आल्या तर सगळ्या तपासायच्या, जास्त आल्या तर ठरलेल्या प्रमाणात काही निवडायच्या. मग त्यावरून बंदराचा, जिल्ह्याचा, राज्याचा अंदाज वर चढत जातो.

आमचा प्रकल्प याच्यापुढे अगदीच चिमुकला होता. एका गावच्या एका किनाऱ्यावर एक हंगामभर दररोज नोंद ठेवायची, आणि वर्षभर आधीपासून एका मुलाने हौसेने ठेवलेल्या वहीशी ती ताडून पाहायची. मी आखलेल्या तक्त्यात तारीख, होडीचा क्रमांक, जाळ्याचा प्रकार, मासळीची जात, टोपल्या, लिलावातला भाव हे रकाने होते. नोंद करणारा मुलगा गावातलाच, बारावी झालेला, अक्षर सुंदर. सकाळी साडेसहाला तो लिलावाच्या जागी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा आणि नऊला उठायचा. एक दिवस चुकला नाही. चूक त्याची नव्हतीच.

टोपलीपासूनच भानगडी सुरू झाल्या. एक टोपली म्हणजे किती किलो? विचाराल त्या माणसाचं उत्तर वेगळं. आम्ही तराजू आणून आठवडाभर टोपल्या तोलल्या. लिलावात सगळ्या टोपल्या 'एक' म्हणूनच पुकारल्या जातात, पण भाव चढला असेल त्या दिवशी टोपली हलकी भरते आणि माल मुबलक असेल त्या दिवशी शीग लागते. म्हणजे टोपली हे माप मासळीच्या प्रमाणात स्वतःच बदलतं! शेवटी दर सकाळी तीन टोपल्या तोलायच्या आणि त्या दिवसापुरतं त्यांचं सरासरी वजन धरायचं, असं ठरवलं. हे निस्तरलं तेव्हा वाटलं की आता आकडे पक्के झाले.

पहाट

नोव्हेंबरातली एक पहाट. मला झोप येत नव्हती म्हणून मी साडेपाचलाच किनाऱ्यावर गेले. अंधार होता. पाण्याच्या कडेला, लिलावाच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर, एक होडी लागली. दोघे उतरले. ओंडके टाकून त्यांनी होडी वर घेतली, जाळं खांद्यावर टाकलं आणि सुरुच्या झाडांमधून सरळ घराच्या वाटेला लागले. ओळखीचे काका होते.

"काका, किती लागलं?"

"आज कितेंच ना गो बाये."

एवढंच. मी वाळूवर उभी राहून पाहत राहिले. पंधरा मिनिटांत आणखी एक होडी तशीच लागली आणि तशीच वर गेली. तिसऱ्या होडीतल्या माणसाने पिशवी वर करून दाखवली. आत सात-आठ बांगडे आणि एक कुर्ली, म्हणजे खेकडा. "हुमणापुरतं," तो म्हणाला. साडेसहाला आमचा मुलगा खुर्ची घेऊन आला तेव्हा या तिन्ही होड्या केव्हाच वाळूवर चढलेल्या होत्या. त्याच्या लेखी त्या समुद्रावर गेल्याच नव्हत्या. लिलावाला ज्या होड्या आल्या त्यांची त्याने व्यवस्थित, सुंदर अक्षरात नोंद केली.

हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे घेते. समजा, २० होड्या गेल्या आणि विसाही होड्यांना सरासरी ३० किलो लागले. वहीत सरासरी ३०. आता दिवस वाईट. विसांतल्या फक्त ६ होड्यांना ३०-३० किलो लागले, १४ होड्या रिकाम्या आल्या. लिलावाला आल्या त्या ६ च. वहीतली सरासरी अजूनही ३०! खरी सरासरी मात्र १८० भागिले २०, म्हणजे ९. मासळी तिपटीहून जास्त घटली आणि वहीला त्याचा पत्ता नाही.

बांगड्याच्या बाबतीत ही चूक सगळ्यात वाईट चावते. तो थव्याने फिरतो. ज्याच्या जाळ्यावर थवा आला त्याला भरपूर, शेजारच्याला शून्य. समुद्रात थवे कमी झाले तरी उरलेला थवा दाटच असतो, त्यामुळे ज्याला लागतं त्याला पूर्वीइतकंच लागतं. कमी होते ती लागण्याची शक्यता. म्हणजे मासळी घटल्याची खबर भरलेल्या होडीत नसतेच, ती रिकाम्या होडीत असते. आणि आम्ही भरलेल्या होड्यांच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलो होतो.

थव्याने फिरणाऱ्या मासळीचं गणित किती झपाट्याने कोसळतं हे तारल्यांनी, म्हणजे सार्डिन माशांनी, दाखवलंच आहे. केरळात २०१२ साली तारल्यांचं उत्पादन ३.९ लाख टनांच्या घरात गेलं होतं. २०२१ मध्ये ते साडेतीन हजार टनांच्याही आत आलं. समुद्राचं तापमान, पाऊस, अन्नाची उपलब्धता, पिल्लांची बेसुमार मासेमारी अशी कारणं संशोधक देतात. मला त्यातली एकच बाजू इथे हवी आहे. अशा मासळीत 'आज किती मिळालं' हा प्रश्न उशिरा जागा करतो, 'आज कितीजणांना मिळालं' हा आधी.

वही पुन्हा आखली

पहिला बदल सोपा होता. नोंद संध्याकाळी सुरू करायची. सूर्य कलताना किती होड्या पाण्यात ढकलल्या गेल्या ते मोजायचं, क्रमांकासकट. सकाळी त्यातल्या प्रत्येक होडीपुढे काहीतरी लिहिलं गेलंच पाहिजे. रकाना कोरा राहता कामा नये. आम्ही तीन शब्द ठरवले: 'रिकामी', 'हुमणापुरतं', 'विक्रीचं'. पुस्तकी भाषेत शून्य, अल्प वगैरे लिहिता आलं असतं, पण 'हुमणापुरतं' म्हटलं की त्या किनाऱ्यावरच्या कोणालाही नेमकं कळतं: दोन वेळच्या कालवणाएवढं, विकायला न्यावं इतकं नाही.

दुसरा बदल माझ्या मावशीने सुचवला. ती घरोघर मासळी विकते. आमचा तक्ता पाहून तिने विचारलं, "आणि जे लिलावात जातच नाही ते?" होडीवाल्याची बायको किंवा आई दहा-बारा किलो माल थेट टोपलीत घालून वाड्यावर फिरते. शॅकवाला इस्वण, म्हणजे सुरमई, दिसला की होडीवरूनच उचलतो. चांगला मासा तर बहुतेक वेळा लिलावाचं तोंड पाहत नाही. तेव्हापासून दुपारी मी बायकांकडे बसू लागले. त्या वजन सांगत नाहीत, वाटे सांगतात: इतके वाटे गेले, एका वाट्यात इतके बांगडे. बांगड्याचं सरासरी वजन हाताशी असलं की त्यावरून किलो काढता येतात. आणि त्यांची स्मरणशक्ती अशी की आदल्या मंगळवारी कोणाच्या टोपलीत मुड्डोशी होत्या हे त्या बिनचूक सांगतात. पुरुषांना विचारलं तर 'असतील थोड्या'.

मग शून्याचीही पारख करायची वेळ आली, कारण शून्य दिसलं म्हणजे ते खरं असतंच असं नाही. एक होडी इंजिन बंद पडून अर्ध्यातून परतली. जाळं टाकलंच नाही, तर ते बांगड्याचं शून्य कसं? एकाने त्या दिवशी कुर्ल्यांचं जाळं टाकलं होतं. दोन होड्या दिवसभर 'रिकाम्या' दिसल्या आणि नंतर कळलं की भाव बरा म्हणून त्यांनी माल शापोराच्या धक्क्यावर उतरवला. उत्तरेकडे तर आणखी गंमत. तेरेखोल ओलांडून थोडं पुढे गेलं की सिंधुदुर्ग, म्हणजे दुसरं राज्य. तिकडे उतरलेला मासा महाराष्ट्राच्या खात्यात जमा होतो, जाळं कुठेही टाकलेलं असो. मासळीला हद्द नसते हे सगळेच म्हणतात, पण आकडेवारीला ती असते आणि ती फार जाचक असते. आम्ही प्रत्येक शून्यापुढे एका ओळीत कारण लिहायला लागलो. वही जाड झाली.

जाळं कुठे टाकलं, हा प्रश्न मी सुरुवातीला जीपीएसच्या आकड्यात विचारत होते. कोणी सांगेना. साहजिकच आहे. आपली जागा वहीत लिहून देणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मी अजून पाहिलेला नाही. मग एका म्हाताऱ्याने वाट दाखवली: "किती वाव पाणी ते विचार, जागा विचारू नकोस." एक वाव म्हणजे सहा फूट, सव्वाअठराशे मिलिमीटरच्या आसपास. पाच वाव, आठ वाव, बारा वाव एवढं सांगायला कोणाची हरकत नव्हती. किनाऱ्यापासून साधारण किती आत गेले याचा अंदाज मला त्यातून मिळत होता आणि त्यांचं गुपित त्यांच्यापाशी राहत होतं.

लाकडी फळी

मासळीची लांबी मोजण्याचं काम मी दोन कॉलेजच्या मुलींवर सोपवलं. लाकडी फळी, एका टोकाला उभी पट्टी, वर सेंटिमीटरच्या खुणा. मासा डाव्या कुशीवर ठेवायचा, तोंड पट्टीला टेकवायचं, शेपटीचं टोक वाचायचं. महिन्याभरात बरेच बांगडे मोजून झाले आणि आलेख काढला तर त्याला एक सोडून दोन उंचवटे. दोन पिढ्यांची मासळी एकत्र आली असावी असं म्हणून मी खूश झाले. फळीपाशी जाऊन बसले तेव्हा खरं कळलं. एक मुलगी शेपटीच्या टोकापर्यंत वाचत होती, दुसरी शेपटीच्या बेचक्यापर्यंत. बांगड्याची शेपटी खोल दुभंगलेली असते. वीस सेंटिमीटरच्या बांगड्यात हा फरक सुमारे दोन सेंटिमीटरचा पडतो. दोन पिढ्या समुद्रात नव्हत्या, फळीवर होत्या.

मोजमाप मी दोघींना एकदाच तोंडी समजावलं होतं. लिहून दिलं नव्हतं, समोर बसून करून घेतलं नव्हतं. तो महिना बाद केला.

लांबी मोजायची कशाला, हा प्रश्न किनाऱ्यावर हमखास येतो. उत्तर साधं आहे. एकदाही अंडी न घालता किती मासे पकडले जाताहेत हे लांबीवरून कळतं. केरळने २०१५ साली १४ जातींसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवली आणि पुढे यादी वाढवली. तिथे बांगड्यासाठी ती १४ सेंटिमीटर आहे. असे नियम करायचे तर आधी लांबीची नोंद हवी. पण गिलनेटमधून एक मर्यादा येते आणि ती मला हळूहळू उमगली. गिलनेटचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, जेवढा, तेवढ्याच जाडीचा मासा त्यात अडकतो. बारीक निसटतो, फार मोठा शिरतच नाही. त्यामुळे गिलनेटच्या मालात पिल्लं दिसली नाहीत म्हणून समुद्रात पिल्लं नाहीत असं म्हणता येत नाही. पिल्लं पाहायची तर रापणीत. रापण सगळंच ओढून आणते: खापी, मोतयाळे, बोटभर बांगडे, कधी जेलीफिशचा नुसता चिखल. म्हणून रापण लागेल त्या दिवशी हातातलं काम टाकून धावायचं, असा आमचा अलिखित नियम झाला.

शेवटचा रकाना

तक्त्याच्या अगदी उजवीकडे 'जाळ्यात आणखी काय' असा रकाना होता. व्यवस्थापन फक्त खायच्या मासळीचं करून भागत नाही. केंडमासा जाळी कुरतडतो, जेलीफिश आली की जाळं उचलता येत नाही, या नोंदी भराभर मिळाल्या, कारण त्या तक्रारी होत्या. तक्रार सांगायला कोणाला आवडत नाही?

कासवाचं मात्र एकही नाव आलं नाही. मोरजी आणि मांद्रे हे ऑलिव्ह रिडले कासवांचे अंडी घालण्याचे किनारे. हंगामात मादी किनाऱ्याकडे येते तो रस्ता आणि गिलनेट टाकायचं पाणी एकच. तरी रकान्यात ओळीने शून्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कासव पहिल्या अनुसूचीत आहे, हे किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही माहीत. 'कासव अडकलं होतं, सोडून दिलं' असं लिहून दिलं आणि उद्या कोणी त्या कागदावरून दारात आलं तर? हे शून्य समुद्रातलं नव्हतं, भीतीचं होतं. आम्ही त्या रकान्यातून होडीचा क्रमांक काढून टाकला. कासवाची चिठ्ठी वेगळी, बिननावाची, मच्छीमारांच्या मंडळाच्या खोलीतल्या डब्यात टाकायची. पहिले तीन आठवडे डबा रिकामा राहिला. मग चिठ्ठ्या पडू लागल्या, बहुतेक 'जिवंत, सोडलं' अशा. त्या किती खऱ्या, हे मी ठरवू शकत नाही. पण डब्याआधी जे शून्य होतं ते नक्की खोटं होतं.

या चिठ्ठ्यांचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे. आपल्या ट्रॉलरांच्या जाळ्यात कासवांना बाहेर पडायची वाट नाही म्हणून अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी घ्यायचं थांबवलं, त्याला काही वर्षं झाली. गिलनेटवाल्याचा त्यात काय दोष? पण 'आमच्या जाळ्यात कासवं मरत नाहीत' असं म्हणायला कागद लागतो, आणि तो कागद आजवर कोणाकडे नव्हता.

भिंतीवरचा कागद

"ही वही कोणाकडे जाणार?" हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात एका होडीमालकाने विचारला होता. मी गोलमाल उत्तर दिलं होतं. लोकांच्या मनात दोन भीती होत्या. मासळी जास्त दाखवली तर इंधनावरची सवलत जाईल, आणि कमी दाखवली तर 'मग धंदाच बंद करा' म्हणतील. यावर भाषण देऊन काही होत नाही. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक मोठा कागद मंडळाच्या भिंतीवर लावायला लागलो: किती होड्या गेल्या, किती रिकाम्या, किती हुमणापुरत्या, किती विक्रीच्या. नावं नाहीत, क्रमांक नाहीत. बाहेर जे जाणार ते हेच, असं सांगितलं आणि तसंच केलं.

लोकांनी कागद वाचला आणि चुका काढल्या. हे मला अपेक्षित नव्हतं. "चौदा तारखेला शून्यं जास्त का? त्या दिवशी वारा होता, कोणी आठ वावापलीकडे गेलंच नाही." "चतुर्थीच्या आठवड्यात होड्या कमी गेल्या त्या मासळी नाही म्हणून नव्हे, घरात गणपती म्हणून." एकाने पेन मागून कागदावरच दुरुस्ती केली. वारा, सण, इंजिन, भाव अशी कारणं माझ्या तक्त्याला कधीच सुचली नसती. पुढच्या महिन्यापासून रोजचा वारा आणि समुद्राचा रंग, गढूळ की नितळ, असे दोन रकाने वाढले.

मग आदल्या वर्षाचं काय? त्या वर्षाच्या वहीत रिकाम्या होड्या नव्हत्या, आणि निघून गेलेली पहाट पुन्हा मोजता येत नाही. मी मंडळाची इंधनाची वही मागून घेतली. कोणत्या होडीने कोणत्या दिवशी किती पेट्रोल उचललं ते त्यात होतं. रोजच्या रोज कोणी भरत नाही, त्यामुळे त्यातून दिवस काढता आला नाही. पण आठवड्याला साधारण किती होड्या फिरत होत्या हे निघालं. त्या संख्येशी लिलावाच्या नोंदी ताडल्या तर आदल्या वर्षी फिरणाऱ्या होड्यांपैकी लिलावाला येणाऱ्यांचं प्रमाण यंदापेक्षा बरंच जास्त असल्याचं दिसलं. ढोबळ आहे, मी ते 'अंदाज' म्हणूनच अहवालात घातलं. तरी चहाच्या गाड्यावर जे बोललं जात होतं त्याच दिशेला ते बोट दाखवत होतं. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा कोणी हसलं नाही.

अहवालात बांगड्याचा हिशेब मी दोन भागांत मांडला: आधी जाळ्याला मासळी लागण्याचं प्रमाण, मग लागली तर किती लागली. दोन्ही गुणले की खरी सरासरी निघते. संख्याशास्त्रात ही मांडणी जुनीच आहे, मी काही शोधलेलं नाही. पण तिच्यासाठी रिकाम्या होडीची नोंद असावी लागते, आणि ती सॉफ्टवेअर भरून देत नाही.

आता नवीन साधनं येत आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला ज्या योजनेची सुरुवात झाली तिच्यातून देशभरात एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गावोगावी सागर मित्र नेमून रोजच्या मासळीची माहिती गोळा करण्याची सोय आहे. मला दोन्ही गोष्टींचं स्वागत आहे. ट्रान्सपाँडर बोट कुठे होती ते सांगेल. जाळ्यात काय होतं ते सांगायला सकाळी वाळूवर माणूसच लागेल, आणि तो साडेसहाच्या आधी आलेला बरा.

आमच्या किनाऱ्यावर वही अजून चालू आहे. तो सुंदर अक्षराचा मुलगा मर्चंट नेव्हीत गेला. आता दोघींपैकी एक मुलगी, ती बेचक्यापर्यंत मोजणारीच, पहाटे पाचला हजर असते. रात्री दोनच्या सुमाराला परतणाऱ्या होड्यांचा प्रश्न सुटलेला नाही. त्या चौकशीवरच भरल्या जातात.

गेल्या महिन्यात मी सुट्टीत घरी होते, म्हणून तिच्यासोबत किनाऱ्यावर गेले. ते पहिल्या पहाटेचे काका होडी ओढून वर येत होते. आता त्यांना विचारावं लागत नाही. लांबूनच हात हलवून म्हणाले, "लिही गो, आज कितेंच ना." तिने लिहिलं: रिकामी, सहा वाव, वारा मंद.

दुपारी मावशीच्या ओसरीवर काकांची सून टोपली घेऊन आली. टोपलीत बांगडे. ताजे, डोळे लखलखीत, तीस-पस्तीस तरी. मी मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "सकाळी शेजारचा होडीवाला बाजूलाच उभा होता ना? त्याच्यासमोर कसं सांगणार कुठे लागलं ते." मुलीने वही काढली, 'रिकामी' खोडलं, वाटे मोजून किलो लिहिले आणि कारणाच्या ओळीत लिहिलं: शेजारी ऐकत होता.